अफवेचा प्रवास : सातारा-सांगलीचा अनुभव

समाजमाध्यमांवरून पसरणारी खोटी माहिती बहुतेक वेळा मुळापासून रचलेली नसते. छायाचित्र खरे असते, चित्रफीत खरी असते, घटनाही कुठे ना कुठे घडलेली असते. खोटी असते ती तिच्याखाली लिहिलेली ओळ : 'आज सकाळची घटना', 'आपल्याच तालुक्यातली', 'सगळ्या ग्रुपवर पाठवा'. मजकूर एका फोनवरून दुसऱ्या फोनवर जाताना त्याची तारीख, ठिकाण आणि मूळ कर्ता या तीन गोष्टी गळून पडतात. त्यांच्या जागी एक नवी गोष्ट येऊन चिकटते, ती म्हणजे पाठवणाऱ्यावरचा विश्वास. मामांनी पाठवले, शाळेतल्या सरांनी पाठवले, म्हणजे खरे असणार. अफवेचे बळ या अदलाबदलीत आहे. सातारा आणि सांगली जिल्ह्यांत गेल्या काही वर्षांत जे घडले, त्यात ती अगदी जवळून पाहता येते.

जत हा सांगली जिल्ह्याचा पूर्वेकडचा, कर्नाटकाला लागून असलेला दुष्काळी तालुका. वस्त्या विखुरलेल्या, सीमेवरच्या गावांत मराठी आणि कन्नड दोन्ही चालतात. १३ सप्टेंबर २०२२ रोजी या तालुक्यातील लवंगा गावात उत्तर प्रदेशातून आलेल्या चार साधूंना जमावाने काठ्यांनी आणि पट्ट्यांनी मारहाण केली. हे साधू कर्नाटकातून मोटारीने पंढरपूरकडे निघाले होते. आदल्या रात्री त्यांनी गावातल्या देवळात मुक्काम केला होता. निघताना त्यांनी एका मुलाला रस्ता विचारला. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याचे मेसेज त्या दिवसांत गावोगावच्या ग्रुपवर येत होते. रस्ता विचारणारा साधू आणि उत्तर देणारे पोर एवढे दृश्य गावातल्या काहींना पुरले. पोलीस आले, चौकशीत ते एका आखाड्याचे साधू असल्याची खात्री झाली. साधूंनी स्वतः तक्रार दिली नाही, पण मारहाणीची चित्रफीत देशभर पसरली. पोलिसांनी आपणहून गुन्हा नोंदवून संशयितांना अटक केली.

या घटनेत एक गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. जत, मंगळवेढा, सांगोला हा पंढरीच्या वाटेवरचा मुलूख. परक्या माणसाने देवळात रात्र काढावी, सकाळी वाट विचारून पुढे जावे, ही इथली शतकांची रीत. त्या साधूंनी केले ते यापेक्षा वेगळे काही नव्हते. रात्री ज्या गावाने त्यांना देवळात टेकू दिले, त्याच गावाला सकाळी ते टोळीतले वाटले. मधल्या वेळात साधू बदलले नव्हते. त्यांच्याकडे पाहणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे एक आयती गोष्ट तयार होती आणि समोरचे दृश्य तिच्यात चपखल बसले, इतकेच.

ही आयती गोष्ट कुठून आली, याचा माग काही प्रमाणात लागलेला आहे. २०१७ आणि २०१८ मध्ये भारतभर मुले पळवण्याच्या अफवांबरोबर जी चित्रफीत सर्वाधिक फिरली, ती पाकिस्तानातील कराची शहरात तयार झालेली होती. हरवलेल्या मुलांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी ती बनवली होती. गल्लीत मुले खेळत आहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून निघून जातात, असे तिच्यात दिसते. मूळ फितीत ते दोघे लगेच परत येतात, मुलाला खाली ठेवतात आणि मुलांवर लक्ष ठेवण्याचे आवाहन लिहिलेला फलक दाखवतात. भारतात फिरलेल्या तुकड्यातून हा शेवट कापलेला होता. शेवटची काही सेकंदे गेली आणि पालकांच्या जागरूकतेसाठी केलेली फीत गुन्ह्याचा पुरावा बनली. तिच्याबरोबर चादरीत गुंडाळलेल्या मृत मुलांच्या रांगांचे एक छायाचित्रही फिरत असे. ते ऑगस्ट २०१३ मध्ये सीरियातील घूटा भागात झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यानंतरचे होते. ते अवयव काढण्यासाठी मारलेल्या मुलांचे म्हणून पाठवले गेले. कराची आणि घूटा ही नावे गळाली, वर्षे गळाली आणि उरलेल्या रिकाम्या जागेत ज्याने त्याने आपल्या तालुक्याचे नाव भरले.

याची सर्वांत भीषण परिणती महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी पाहिली. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना जमावाने ठार मारले. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारहाण झाली. मेलेल्यांपैकी बहुतेक जण सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातले होते, म्हणजे जतच्या शेजारचे. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा त्यांचा परंपरेने चालत आलेला जगण्याचा मार्ग होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये धुळे येथील न्यायालयाने या प्रकरणी सात आरोपींना जन्मठेपेची शिक्षा सुनावली. राईनपाड्याच्या त्याच दिवशी मालेगावात अशाच संशयावरून जमावाने घेरलेल्या पाच जणांना पोलिसांनी सोडवून बाहेर काढले. त्यांच्यात दोन वर्षांचे मूलही होते. पुढे १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीच्या काळात, पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशा तिघांचा बळी गेला. तेथेही आधीचे काही दिवस चोर आणि मुले पळवणारे फिरत असल्याची आवई उठलेली होती.

बळी कोण पडतो, याकडे पाहिले की अफवेची दिशा कळते. डवरी गोसावी, बहुरूपी, नंदीवाले, साधू, फेरीवाले, वाट चुकलेले मनोरुग्ण : ज्यांच्यासाठी गावात 'मी याला ओळखतो' म्हणणारे कुणी नाही, अशांवरच ती कोसळते. भटक्या जमातींवर १८७१ च्या इंग्रजी कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला. तो १९५२ मध्ये कागदावरून पुसला गेला, लोकांच्या मनातून पुरता पुसला गेला नाही. फोनवरचा मेसेज या जुन्या संशयाला नवी तारीख देतो. त्यामुळे अशा हत्यांचे सगळे खापर तंत्रज्ञानावर फोडणे बरोबर नाही. परक्याविषयीची अढी गावात आधीपासून असते, मेसेज तिला निमित्त पुरवतो.

अफवांचा शास्त्रीय अभ्यास भारतीय भूमीवरच फार लवकर झाला होता. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारमध्ये महाभूकंप झाला. त्यानंतर पसरलेल्या अफवा जमुना प्रसाद या मानसशास्त्रज्ञाने गोळा केल्या आणि १९३५ मध्ये त्यांवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. ज्या भागात धक्के जाणवले पण नुकसान झाले नाही, तेथे यापेक्षा मोठे संकट येणार असल्याच्या अफवा जोरात होत्या. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंजर यांना पुढे याच नोंदीत आपल्या संज्ञानात्मक विसंगतीच्या प्रसिद्ध सिद्धान्ताचा धागा सापडला. त्यांनी लावलेला अर्थ असा : त्या लोकांच्या मनात भीती होती, पण समोर तिचे कारण दिसत नव्हते. भीतीला शोभेल असे कारण अफवेने पुरवले. अफवा भीती निर्माण करते असे आपण समजतो, पण कित्येकदा भीती आधी असते आणि ती अफवेला बोलावून घेते. आईबाप दिवसभर रानात, मूल वस्तीवर, ही जतमधल्या कित्येक घरांची रोजची चिंता आहे. टोळीचा मेसेज येतो तेव्हा आपली चिंता उगाच नव्हती, असे समाधान तो देतो. म्हणूनच 'असे काही नाही' एवढे सांगून भागत नाही.

१९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी मांडले की, विषय माणसाच्या जिव्हाळ्याचा असेल आणि त्याविषयीची माहिती संदिग्ध असेल, तरच अफवा फोफावते. दोहोंपैकी एक जरी शून्य असले तरी ती मरते. तोंडातोंडी जाताना गोष्टीतले तपशील झडतात, उरलेले ठळक होतात आणि सगळे ऐकणाऱ्याच्या समजुतींच्या साच्यात बसते, हेही त्यांनी दाखवले. या जिल्ह्यांनी त्याचा अनुभव फोन येण्याच्या कितीतरी आधी घेतलेला आहे. १९४२ नंतर जुन्या सातारा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सातारा आणि सांगली जिल्ह्यांच्या मोठ्या भागात, क्रांतिसिंह नाना पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रतिसरकार उभे राहिले. वृत्तपत्रांवर निर्बंध, चळवळ भूमिगत, बातमी सगळी तोंडी. प्रतिसरकारवाले बैलाला नाल ठोकतात तसे माणसांच्या पायांना पत्रे ठोकतात, ही गोष्ट याच काळात घरोघरी पोहोचली. अभ्यासकांच्या लेखनात शिक्षा आढळते ती तळपायांवर काठ्या मारण्याची. खात्रीची बातमी मिळण्याची सोय नव्हती, त्यामुळे गोष्ट वाढतच गेली.

२१ सप्टेंबर १९९५ ची घटना या दृष्टीने आणखी बोलकी आहे. त्या दिवशी गणपती दूध पीत असल्याची वार्ता काही तासांत देशभर आणि परदेशातील भारतीयांपर्यंत पोहोचली. तेव्हा मोबाइल फोन नुकताच आला होता आणि सामान्यांच्या हातात नव्हता. घरचे फोन, एसटीडी बूथ आणि दूरचित्रवाणी यांनी ते काम केले. चमच्यातले दूध कमी होत होते हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते आणि ते खरेच होते. चुकीचा होता तो त्यातून काढलेला अर्थ. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती यांनी अशा प्रसंगी श्रद्धाळूंची टवाळी करण्याचा मार्ग घेतला नाही. पृष्ठताणामुळे दुधाचा थेंब मूर्तीच्या पृष्ठभागावर खेचला जातो आणि पातळ ओघळ होऊन खाली उतरतो, हे कोणत्याही धातूच्या वस्तूवर करून दाखवता येते. पाहिलेले नाकारायचे नाही, त्याचा अर्थ तपासायचा, ही पद्धत समितीने गावोगावच्या कार्यक्रमांत रुजवली. तिचे वार्तापत्र सांगलीतून निघते. आजच्या फिरत्या चित्रफितींना उत्तर देण्यासाठीही हीच पद्धत सर्वांत उपयोगी आहे. 'फीत खोटी आहे' असे म्हटले तर पाहणारा दुखावतो, कारण त्याने ती पाहिलेली असते. ती कुठली, कधीची आणि पुढे तिच्यात काय आहे, हे दाखवले तर तो ऐकतो.

मग समाजमाध्यमांनी नवे काय आणले? पहिली गोष्ट म्हणजे खर्च. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाली, त्यानंतर डेटा इतका स्वस्त झाला की चित्रफीत पाठवताना विचार करण्याचे कारणच उरले नाही. दुसरी गोष्ट ग्रुपची रचना. भावकीचा ग्रुप, दहावीच्या बॅचचा, तरुण मंडळाचा, दूध संस्थेचा, तालमीचा, सोसायटीचा : एकच माणूस यांतल्या पाचसहा ग्रुपवर असतो. सकाळी भावकीच्या ग्रुपवर आलेला मेसेज दुपारी बॅचच्या ग्रुपवर दिसतो, संध्याकाळी मंडळाच्या. वाचणाऱ्याला वाटते, तीन ठिकाणांहून तीच बातमी आली म्हणजे तिला आधार आहे. प्रत्यक्षात मूळ एकच असते आणि तेही अज्ञात असते. एखादे विधान नुसते पुन्हा पुन्हा कानावर पडले तरी ते अधिक खरे वाटू लागते, हे १९७७ पासून प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. ग्रुपची रचना ही पुनरुक्ती आपोआप घडवून आणते.

तिसरी गोष्ट वेग. २०१८ मध्ये अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतील संशोधकांनी २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर फिरलेल्या सुमारे १ लाख २६ हजार बातम्यांचा माग काढून निष्कर्ष प्रसिद्ध केले. खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक होती. १५०० लोकांपर्यंत पोहोचायला सत्याला खोट्याच्या सहापट वेळ लागत होता. हा फरक स्वयंचलित खात्यांनी घडवलेला नव्हता, तो माणसांनीच घडवला होता. खोट्यात नावीन्य असते, धक्का असतो, किळस असते, आणि माणसाला असे काही इतरांना सांगावेसे वाटते. ट्विटरवर हे मोजता आले, कारण तेथील मजकूर उघडा असतो. व्हॉट्सॲपवरील संभाषण २०१६ पासून पूर्णपणे कुलूपबंद आहे. पाठवणारा आणि मिळवणारा यांच्याखेरीज ते कुणी वाचू शकत नाही. खासगीपणासाठी हे आवश्यकच आहे. मात्र त्यामुळे कोणत्या गावात काय फिरते आहे हे बाहेरून दिसत नाही, आणि घटना घडून गेल्यावरच ते कळते.

खोटी माहिती जीवच घेते असे नाही, ती धंदाही बुडवते. फेब्रुवारी २०२० मध्ये कोंबडीच्या मांसातून करोना होतो, असे मेसेज आणि रोगट कोंबड्यांची छायाचित्रे फिरू लागली. पशुसंवर्धन विभागाने हे निराधार असल्याचे जाहीर केले, परंतु तोपर्यंत गिऱ्हाईक दुकानापासून दूर गेले होते. ब्रॉयलर पक्षी सुमारे सहा आठवड्यांत विकावाच लागतो. नाही विकला तर खाद्य रोज लागते आणि वजन वाढूनही भाव मिळत नाही. राज्यभर पोल्ट्रीवाल्यांनी मिळेल त्या भावाने पक्षी काढले, काहींनी फुकट वाटले. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यातील गोकाक तालुक्यात एका पोल्ट्रीचालकाने हजारो पक्षी खड्ड्यात पुरले. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात सांगली जिल्ह्यातील इस्लामपुरात परदेशवारी करून आलेल्या एका कुटुंबातील चौघांना करोनाची लागण झाल्याचे आढळले आणि काही दिवसांत त्याच गोतावळ्यातील रुग्णांची संख्या पंचविशीच्या आसपास गेली. एका गावाचे नाव राज्यभर भीतीने घेतले जाऊ लागले. त्या साखळीतील रुग्ण पुढे बरे झाले आणि प्रशासनाने ती साखळी तोडली. ही दुसरी बातमी पहिलीइतकी कधीच पुढे पाठवली गेली नाही.

पुराच्या दिवसांत माहितीची भूक सर्वाधिक असते, आणि नेमकी तेव्हाच वीज जाते, मोबाइलचे मनोरे बंद पडतात. कोयना धरणाची साठवण क्षमता १०५.२५ टीएमसी. त्याच्या सांडव्याचे सहा वक्र दरवाजे किती फूट उचलले, यावर कऱ्हाडपासून सांगलीपर्यंतच्या काठाचे लक्ष असते. दरवाज्यातून कोसळणाऱ्या पाण्याची फीत दरवर्षी सारखीच दिसते. म्हणून मागच्या वर्षीची फीत या वर्षी 'आत्ताची' म्हणून सहज खपते. धरणाला तडा गेला, इतका विसर्ग सोडला, रात्रीतून पाणी येणार, अशा मजकुराला मग बळ मिळते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची आठवण असलेल्या पाटण खोऱ्यात हलका धक्का बसला तरी लोकांच्या मनात पहिला प्रश्न धरणाचा येतो.

या गोंधळात सांगलीकडे एक फार मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पाणीपातळी. १९२९ मध्ये खुला झालेला हा पूल शहराची पूरमापनाची पट्टी बनला आहे. ४० फूट इशारा पातळी, ४५ फूट धोका पातळी. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, काकानगर, दत्तनगर या सखल वस्त्यांतल्या माणसाला किती फुटांना पाणी आपल्या गल्लीत येते आणि किती फुटांना उंबऱ्याला लागते, हे पाठ असते. 'आयर्विन, सकाळी ७, इतके फूट इतके इंच' या मेसेजमध्ये ठिकाण आहे, वेळ आहे आणि मोजणारे खाते कोणते हेही ठाऊक आहे. अफवेत जे तीन घटक गळतात, ते तिन्ही या एका ओळीत शाबूत असतात. शिवाय वाचणारा स्वतः पुलावर जाऊन ती पडताळू शकतो. पाण्याच्या अफवांना सांगलीत उत्तर मिळते ते बऱ्याच अंशी या आकड्यामुळे. सगळ्यांना वाचता येणारे असे मापक प्रत्येक संकटासाठी नसते, ही अडचण आहे.

आकडा खरा असला तरी तो वाचण्यात चूक होऊ शकते, हेही सांगलीनेच अनुभवले. २००५ च्या महापुरात पाणी जवळपास ५४ फुटांपर्यंत गेले होते. ऑगस्ट २०१९ मध्ये अनेक कुटुंबे २००५ ची खूण धरून बसली : तेव्हा इथवर आले, आता त्याहून काय येणार. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. त्या कुटुंबांना कुणी फसवले नव्हते. स्वतःच्या अनुभवावर त्यांनी मर्यादेबाहेर भरवसा ठेवला. २०२१ च्या जुलैमध्ये ५४ फुटांच्या पुढे पाणी गेले तेव्हा स्थलांतर आधी सुरू झाले, त्यात २०१९ च्या धड्याचा वाटा होता.

पुरासंबंधीचा प्रत्येक वाद मात्र खोटी माहिती ठरत नाही. कर्नाटकातील अलमट्टी धरणाच्या फुगवट्यामुळे सांगली बुडते, ही काठावरच्या अनेकांची ठाम भावना आहे. २०१९ नंतर नेमलेल्या नंदकुमार वडनेरे समितीने महापुराचा दोष अलमट्टीवर ठेवला नाही. अतिवृष्टी, पूररेषेतील बांधकामे, नदीपात्रातील अडथळे यांकडे तिने लक्ष वेधले. तरीही अलमट्टीची उंची वाढवण्यास महाराष्ट्राचा विरोध कायम आहे आणि त्यामागे काळजीचे कारण आहे. ज्या प्रश्नावर जाणकारांत मतभेद आहेत, त्यावर वेगळे मत मांडणाऱ्याला अफवा पसरवणारा म्हणणे अन्यायाचे होईल. खोटेपणा तिथे सुरू होतो, जिथे एखादा जुना किंवा बनावट आकडा 'आजचा विसर्ग' म्हणून पाठवला जातो.

अलीकडची सर्वांत धोकादायक वाट स्क्रीनशॉटची आहे. १० सप्टेंबर २०२३ च्या रात्री सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यातील पुसेसावळी येथे इन्स्टाग्रामवरील महापुरुषांविषयीच्या आक्षेपार्ह मजकुराच्या कारणावरून जमाव चालून गेला. प्रार्थनास्थळावर हल्ला झाला, घरे, दुकाने आणि वाहने जाळली गेली, एका तरुणाचा मृत्यू झाला. जिल्ह्यातील इंटरनेट सेवा बंद करावी लागली. त्याच वर्षी ७ जून रोजी कोल्हापुरात स्टेटसवरून दंगल उसळली होती. खात्यावर नाव एकाचे असते, ते वापरणारा दुसरा असू शकतो. खाते बनावट असू शकते, चोरलेले असू शकते, स्क्रीनशॉटमधला मजकूर दोन मिनिटांत बदलता येतो. मजकूर कुणी लिहिला हे ठरवायला सायबर पोलिसांना कंपनीकडून नोंदी मागवाव्या लागतात आणि त्याला दिवस लागतात. जमावाला तेवढा धीर नसतो. आणि मजकूर खरोखर त्या नावाच्या माणसाचाच निघाला, तरी त्याच्या शेजाऱ्याने, त्याच्या जातभाईने, देवळात वा मशिदीत बसलेल्या तिसऱ्याने त्याची किंमत का मोजावी, याला कोणतेही उत्तर नाही. पुसेसावळीत जे झाले ते कोणत्याही महापुरुषाच्या सन्मानासाठी झाले असे म्हणणे हा त्या महापुरुषाचाच अवमान आहे.

कंपन्यांनी काही उपाय केले आहेत. राईनपाड्यानंतर, जुलै २०१८ मध्ये, व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा घातली आणि पुढे पाठवलेल्या मजकुरावर तशी खूण दिसू लागली. जानेवारी २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, फार वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले गेले. त्यानंतर अशा मेसेजचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मजकुरात काय आहे हे न वाचताही त्याचा वेग कमी करता येतो, हे यातून दिसले. मात्र मजकूर कॉपी करून नव्याने चिकटवला की ती खूण नाहीशी होते. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेली चित्रे आणि आवाज आले आहेत. कऱ्हाड आणि शिराळा तालुक्यांतील उसाच्या फडात बिबट्याचा वावर खरोखर आहे, त्यामुळे गावाच्या वेशीवरील बिबट्याचे बनावट चित्र तिथे तपासण्याच्या आधीच मान्य होते. वन विभागाचा कर्मचारी मग खोट्या ठिकाणी धावतो आणि खऱ्या ठिकाणी उशिरा पोहोचतो.

कायद्याचा हात लांब असला तरी तो घटनेनंतर पोहोचतो. भारतीय न्याय संहितेचे कलम ३५३ खोटी माहिती वा अफवा पसरवून लोकांत भीती अथवा वैर निर्माण करण्याबद्दल शिक्षा सांगते. १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जमावहिंसा रोखण्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा समन्वय अधिकारी नेमण्यास सांगितले. त्याच वेळी कायद्याचा अतिरेकही महाराष्ट्राने पाहिला आहे. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मतप्रदर्शनासाठी अटक झाली. त्यातून सुरू झालेल्या लढ्यात २०१५ मध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ अ रद्द झाले. खरे-खोटे ठरवण्याचा अधिकार केंद्र सरकारच्या कक्षाला देणारा नियम मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये घटनाबाह्य ठरवला. इंटरनेट बंद करण्याचा उपाय तर दुधारी आहे. खोटा मेसेज थांबतो, तसा त्याचा खुलासाही थांबतो आणि तोंडी अफवेला रान मोकळे मिळते.

गावपातळीवर उपयोगी पडतो तो वेळेवर मिळालेला खुलासा. ज्याला गाव नावानिशी ओळखते अशा पोलीस पाटलाने, तलाठ्याने, आशाताईने किंवा मुख्याध्यापकांनी त्याच ग्रुपवर, त्याच दिवशी, 'ही फीत अमुक ठिकाणची, अमुक वर्षाची. आपल्या हद्दीत अशी तक्रार नाही. परका माणूस दिसला तर ११२ ला फोन करा' असे लिहिले, तर अफवेने हिरावलेली तारीख, ठिकाण आणि मूळ या तिन्ही गोष्टी परत मिळतात, त्याही विश्वासातल्या माणसाकडून. जिल्हा मुख्यालयातून निघणारे 'अफवांवर विश्वास ठेवू नका' हे पत्रक याच्या तुलनेत तोकडे पडते, कारण कोणती अफवा आणि ती खोटी कशावरून, हे त्यात नसते.

शिक्षणाने काय साधते, याची उत्तरे बिहारमधील दोन प्रयोगांतून मिळतात. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन यांनी १२०० हून अधिक प्रौढांना घरी जाऊन तासाभराचे प्रशिक्षण दिले. खोटे ओळखण्याच्या त्यांच्या क्षमतेत एकंदरीत फरक पडला नाही, आणि राजकीय निष्ठा पक्की असलेल्या काहींवर तर उलटाच परिणाम झाला. त्यानंतर त्यांनी आणि सहकाऱ्यांनी प्रौढांऐवजी किशोरवयीन मुले घेतली, विषय निवडणुकीऐवजी आरोग्याचा घेतला आणि एका तासाऐवजी ग्रंथालयात कित्येक आठवडे पसरलेले वर्ग घेतले. १३ हजारांहून अधिक विद्यार्थी या प्रयोगात होते. वर्गांना बसलेल्या मुलांची पारख स्पष्टपणे सुधारली, चार महिन्यांनी पुन्हा तपासले तेव्हाही ती टिकून होती, वर्गात न शिकवलेल्या राजकीय मजकुरालाही त्यांनी ती लावली, आणि त्यांच्या आईवडिलांचीही पारख सुधारलेली आढळली.